डेमूचे पूर्ण नाव

दौंड जंक्शनच्या पादचारी पुलाखाली एक मनुष्य पहाटेपासून मृत्यू पावून पडला होता आणि सकाळचे साडेदहा वाजेपर्यंत ही गोष्ट कोणाच्याही ध्यानी आली नव्हती. तेवढ्या अवधीत पुण्याकडच्या चार गाड्या आल्या आणि गेल्या. शेकडो पावले त्याच्या डोक्यावरच्या पायऱ्या धडधडत उतरली. तात्याबा भेळवाल्याने नेहमीप्रमाणे त्याच्या उशाशी आपली पाटी मांडली व गिऱ्हाइकांनी तेथेच उभे राहून भेळ खाल्ली. शेवटी बोचके ठेवायला जागा करू पाहणाऱ्या कोणा प्रवाशाने "सरक रं जरा" म्हणत त्याचे पाय पायाने सारले, तेव्हा ते पाय वाकेनात. आणि मग बोंब झाली.

पोलिसांनी पंच म्हणून हनुमंताला बोलावणे धाडले. हनुमंत हा रेल्वेतून निवृत्त झालेला की-मन. बत्तीस वर्षे त्याने ऊनपाऊस न पाहता रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकल्या होत्या. शिक्षण नववीपर्यंत, परंतु हस्ताक्षर रेखीव, आणि वाचनाचा नाद इतका, की रेल्वे कॉलनीतल्या वाचनालयाची दोन कपाटे त्याने तळापर्यंत उपसली होती. पंच म्हणजे जे डोळ्यांना दिसले तेवढेच कागदावर आहे अशी ग्वाही देणारा मनुष्य. पुढे कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात, म्हणून लोक ह्या कामाला पाठ दाखवतात. हनुमंताला मात्र त्याचा अभिमान होता. एकदा प्रत्यक्ष मेहुण्याने, न पाहिलेल्या बांधाच्या पंचनाम्यावर सही मागितली असता त्याने ती साफ नाकारली होती. तेव्हापासून त्याची सख्खी बहीण रंगुबाई भाऊबीजेला आली नव्हती. नऊ दिवाळ्या त्याचे कपाळ कोरडे राहिले, पण सही खोटी झाली नाही.

हवालदार पूनमताई मजकूर सांगू लागल्या व हनुमंत लिहू लागला.

"अनोळखी पुरुष. वय अंदाजे साठ. बांधा सडपातळ. अंगात खाकी स्वेटर. जखम नाही. भिक्षेकरी."

येथे हनुमंताची लेखणी थांबली.

"भिक्षेकरी का म्हणून? ह्या मनुष्याने अकरा वर्षांत कोणापुढे हात पसरला नाही. बायांच्या पाट्या डेमूगाडीत चढवून द्यायचा, त्या देतील ते खायचा."

"बरं, मग हमाल लिहा. नाव सांगा मामा, नाव घालते."

हनुमंताने नावाची जागा कोरी सोडली.

"डेमू म्हनायचं त्याला सगळी," मागून तात्याबा भेळवाला बोलला.

"ते नाव झालं का? गाडी आहे ती," पूनमताई म्हणाल्या. भोवती जमलेल्यांपैकी दोघेतिघे हसले.

ते हसणे हनुमंताच्या मस्तकात गेले. "हसा," तो म्हणाला, "हसायचेच तेवढे राहिले होते. मेलेल्या मनुष्याच्या उशाला बसून तू चार तास कांदा चिरलास, तात्याबा. तुला मनुष्य म्हणावे की काय म्हणावे, ते मला समजत नाही."

"मामा, पुस्तकातलं बोलू नका. मला काय ठावं? झोपलाय वाटलं."

"झोपलेल्या मनुष्यावर माश्या बसल्या तर तो हात हालवतो."

 तात्याबाने पाटी उचलली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन मांडली.

कायदा असा, की अनोळखी प्रेत तीन दिवस शवागारात ठेवायचे, कोणी वारस आला नाही तर बेवारस म्हणून विल्हेवाट लावायची. विल्हेवाट हा शब्द हनुमंताने ह्यापूर्वी पंधरावीस वेळा आपल्या रेखीव अक्षरात लिहिला होता आणि त्यावर तो कधी अडला नव्हता. त्या दिवशी अडला. त्याने मनाशी पण केला, की ह्या मनुष्याला नाव मिळाल्याखेरीज तो अग्नीत जाणार नाही.

दुपारभर तो फलाटावर हिंडला. ज्यांची ओझी डेमूने वाहिली त्या प्रत्येकाला त्याने विचारले. दूधवाले म्हणाले, "कोण डेमू?" एकाने खांदे उडवले. एका सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थाने मोबाइलवरून डोळे न उचलता सांगितले, की अशी माणसे रोज मरतात. ह्या गृहस्थाच्या हातची पिशवी परवाच डेमूने धावत जाऊन खिडकीतून आत दिली होती, हे हनुमंताने स्वतः पाहिले होते. त्याच्या मनात असे आले, की ही मनुष्यजात म्हणजे शेतात माजलेला हराळीचा पसारा आहे. एकदा खोल नांगर घालून मुळासकट उपटावी आणि बांधावर वाळत टाकावी.

शेवटी साळूबाई पेरूवाली भेटली. ती रोज केडगावहून पाटी घेऊन दौंडला येई आणि संध्याकाळच्या डेमूगाडीने परत जाई. ती म्हणाली, "नाव न्हाई सांगितलं त्यानं कवा. पर एकदा माझ्या भाकरीसंगं कांदा खाल्ला आन् म्हनला, आमच्या केंदूरचा कांदा असा पाणचट नसतो. येवढंच. मग गप झाला, जणू चोरी केली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हनुमंत निघाला. चौफुला, न्हावरा, शिक्रापूर अशा तीन गाड्या बदलून, शिरूर तालुक्याच्या त्या टोकाला केंदूरमध्ये तो अकरा वाजता उतरला. मोबाइलमध्ये मृताचा फोटो होता. चौकातल्या हॉटेलात बसलेल्या एका वृद्धाने चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ न्याहाळला.

"हा तर वाडीवरल्या हौसरावचा थोरला भाऊ. बापूसाहेब. दाढी काढली तर दुसरा कुणी न्हाई." मग त्याने मोबाइल परत दिला. "पर ते कसं व्हईल? त्यो तर मेलाय. त्याच्या दहाव्याला मी जेवलोय."

"कधी?"

"झाली की चार वरसं. बुंदी हुती."

वाडी गावापासून दोन मैलांवर. दारात ट्रॅक्टर, पलीकडे कांद्याची चाळ. हौसराव हे साठीच्या आतले, धिप्पाड, गावच्या सोसायटीत वजन असलेले गृहस्थ. त्यांनी पाहुण्याला खाटेवर बसवले, पाणी दिले, चहा सांगितला. फोटो पाहिला मात्र, आणि त्यांचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

"हा आमचा न्हाई."

"गावातल्या माणसाने ओळखला."

"गावाला काय, गाव कुनालाबी वळखतं. माझा भाऊ घर सोडून गेला. सात वरसं वाट बघितली, पेपरात दिलं, मग कोर्टातनं रीतसर कागद काढला. पिंड ठिवला, कावळा शिवला. आता एक माणूस दोनदा कसा मरंल? तुम्ही शिकलेलं दिसता, तुम्हीच सांगा."

हनुमंताचा स्वर चढला. "कागद आणि कावळा राहू द्या. ते प्रेत बर्फात पडले आहे. ओठ निळे झाले आहेत. तुम्ही एकदा येऊन पाहा आणि मग नाही म्हणा."

"यायचं काय कारन? बघितलाय त्याला." हे शब्द हौसरावांच्या तोंडून निसटले. मग त्यांनी ते मागे घेण्याचा यत्न केला नाही, उलट आवाजच वाढवला. "माझ्या सत्यजीतनं बघितला. कागद झाल्यावर वरसाभरानं. दौंडच्या टेसनावर पेरूची पाटी डोस्क्यावर. पोरगं 'चुलतं' म्हनून हाक मारत मागं पळालं. ह्यानं वळून बघितलं, आन् म्हनला, तू चुकलाईस पोरा. आता बोला. आम्ही मारला का त्याला? त्योच आधी मेला पाहुणं. माझ्या आईनं त्याच्यापायी डोळं फोडून घेतलं, ती गेली तवाबी आला न्हाई. आता मी त्याला जित्ता करून परत मारू, आन् पोरांच्या सातबाऱ्यावर कोर्टाची माती घालू?"

"तो तुमचा भाऊ आहे."

"आन् तुम्ही त्याचं कोन?"

"कोणी नाही."

"किती वरसं वळख?"

"अकरा."

"मग काय नावानं हाक मारायचा?"

 पडवीत हौसरावांची सून राजनंदिनी चहाची बशी घेऊन उभी होती. तीही उत्तराची वाट पाहत होती.

"डेमू," तो म्हणाला.

हौसराव हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. "अकरा वरसं गाडीच्या नावानं हाक मारली," ते सावकाश म्हणाले, "आन् आता नाव मागायला माझ्या दारात आलायसा." मग त्यांनी वहीचे पान फाडले आणि सदर फोटोतील इसम आमच्या कुटुंबातील नाही असे लिहून, खाली सही ठोकून, हनुमंताच्या हाती दिले. अक्षर चांगले होते.

चहा न घेताच तो उठला. फाटकाशी राजनंदिनीने त्याला गाठले. तिने पदराआडून इकडेतिकडे पाहिले. "थोरल्या सासऱ्यांचं पुरं नाव बापूसाहेब गेनबा पोखळे. मी त्यास्नी बघितलं न्हाई कवा. माळ्यावर फोटू हाय, उलटा करून ठिवलेला. मी येवढंच सांगू शकते, मामा." आणि ती घाईने परत फिरली.

परतीच्या एसटीत हनुमंताला खिडकीची जागा मिळाली. बाहेर ऊस होता, मागून ऊस येत होता. त्याच्या मनात रागाचा नुसता वणवा पेटला होता. वाचनालयाच्या कपाटात त्याला दूरच्या बर्फाळ मुलखातील लेखकांच्या, मराठीत उतरवलेल्या जुन्या गोष्टी सापडल्या होत्या. त्यांतही माणसे अशीच होती. गोठलेल्या मनुष्याला ओलांडून जाणारी, स्वतःचे तेवढे सावरून घेणारी, कागदाला देव मानणारी. परंतु त्या गोष्टी वाचून झाल्यावर त्याला माणसांचा राग येत नसे, उलट छातीत काही ओलसर दाटून येई आणि तो बायकोला उगाच हाक मारी. ती ओल कोठून येते, हे त्याला कधी कळले नव्हते. आज त्याला ती कोठेच आढळेना. पुस्तक मिटता येते, हे मिटावे कसे?

न्हावऱ्याच्या पुढे, ज्या गोष्टीला तो कालपासून टाळत होता ती त्याच्यासमोर येऊन बसली. ती अशी, की काल सकाळी आठ वाजता तो स्वतः त्या पुलाखालून गेला होता. वर्तमानपत्र आणायला. त्याने डेमूला पडलेला पाहिला होता. "ऊठ रे डेमू, ऊन वर आले," असे तो म्हणालाही होता. उत्तर आले नाही. आणि हनुमंत वर्तमानपत्र घेऊन घरी गेला, आणि आरामात वाचत बसला. तात्याबाला निदान कांदा चिरायचा होता, पोट भरायचे होते. हनुमंताला काय काम होते? उपटायची हराळी बांधापासून नव्हे, आपल्याच उंबऱ्यापासून सुरू होत होती. त्याने समोरच्या सीटची दांडी इतकी घट्ट आवळली, की शेजारच्या बाईने विचारले, "गाडी लागती का बाबा?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस चौकीत पूनमताईंनी हौसरावांचा कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मामा, तुम्ही किल्ली आणायला गेला आणि कुलूप आणलं. नाव कळलं, पण घरच्यांनी लेखी नाकारलं. आता ते नाव मी कुठल्या आधारावर घालू? पाच वाजता बेवारस म्हणून देते. मला पण वाईट वाटतं. पण मला वर उत्तर द्यायचं असतं."

"त्या सुनेने सांगितले आहे."

"सही देईल ती?"



दारात पेरूची पाटी उतरल्याचा आवाज झाला. सकाळीच हनुमंताकडून सारे ऐकलेली साळूबाई आत आली, घाम पुसला, आणि कोणी न विचारता खुर्चीवर बसली. ह्यापूर्वी तिला कधी कोणी खुर्चीवर बसलेले पाहिले नव्हते.

"मी बहीण हाय त्याची. लिव्हा."

"मावशी," पूनमताई म्हणाल्या, "तुम्ही केडगावच्या धनगरवाड्यातल्या. ते केंदूरकडचे पाटील. बहीण कशा?"

"सख्खी."

"मानलेली म्हणा हवं तर. पण मानलेलीनं कागद होत नाही."

"म्हणूनच सख्खी म्हनते. अकरा वरसं माझी पाटी त्यानं उचलली. माझा नवरा गेला त्या सालात तर रिकामी पाटीबी उचलू दिली न्हाई मला. हौसरावनं भाऊ असून न्हाई म्हनलं, त्याचा कागद झाला. मी नसून हाय म्हनते, माझा कागद व्हत न्हाई? ह्यो कुठला न्याय गं बाई?"

पूनमताईंनी कपाळाला हात लावला. मग हनुमंताकडे पाहिले. ओळख पटल्याच्या जबाबावर दोन पंच लागतात, हे तिघांनाही ठाऊक होते.

हनुमंताला आधी संतापच आला, आणि तो साळूबाईवरच आला. "माझ्याकडे पाहू नका. बत्तीस वर्षांत रुळाची एक चावी मी न तपासता तपासली म्हटली नाही. सख्ख्या मेहुण्याला मी खोटी सही दिली नाही. माझी बहीण तुटली त्यापायी. आणि आता मी लिहू, की ही बाई ह्याची बहीण आहे असे मी समक्ष जाणतो?"

"नका लिव्हू," साळूबाई म्हणाली. "तुमचं खरं लई थोर हाय, हनुमंतमामा. तीन दिस झालं, त्याला बर्फात ठिवलंय तुमच्या खऱ्यानं. आमचं खोटं निदान पेटवंल तरी."

 हनुमंताला नऊ दिवाळ्या आठवल्या. मेहुण्याच्या वेळी नाही म्हणणे योग्यच होते, हे त्याला आजही तसेच वाटत होते. तेथे खोट्याने कोणाची तरी जमीन गेली असती. येथे कोणाचे काय जाणार होते? फक्त त्याचे. एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, की जिच्या बळावर तो साऱ्या जगाला हराळी म्हणू शकत होता. ती गेली, की तो त्या सुशिक्षित गृहस्थाच्या शेजारी, हौसरावांच्या शेजारी, भेळवाल्याच्या शेजारी, एकाच ओळीत उभा राहणार होता. आणि मग त्याच्या ध्यानी आले, की परवा आठ वाजल्यापासून तो त्याच ओळीत उभा आहे.

त्याने कागद ओढून घेतला. आजवरच्या साऱ्या पंचनाम्यांच्या वरताण सुंदर अक्षरात त्याने लिहिले: मयताचे नाव, बापूसाहेब गेनबा पोखळे. ओळख पटवणारे नातेवाईक, सख्खी बहीण, साळूबाई. येथे लेखणी पुन्हा थांबली. वीस वर्षे तो हिच्याकडून पेरू घेत होता.

"तुमचे पूर्ण नाव सांगा," तो डोळे न उचलता म्हणाला.

"साळूबाई धोंडिबा टकले. आता इचारलंत व्हय?"

त्याने लिहिले आणि खाली सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. पण आली.

"दुसरा पंच?" पूनमताईंनी दाराबाहेर मान काढून आवाज दिला. बाहेर रिक्षावाले होते, चहावाला होता. कोणी पुढे झाले नाही. हनुमंत मनाशी म्हणाला, बरोबर आहे, हेच होणार होते. इतक्यात तात्याबा भेळवाला हात पंच्याला पुसत आत आला. त्याने कोणाच्याही तोंडाकडे पाहिले नाही.

"मला सही येत न्हाई. अंगठा चालंल का?"

"कशावर अंगठा देतोस ते तरी विचार," हनुमंत रागानेच म्हणाला.

"नगं. कशावर बी असू द्या." त्याने शाईत अंगठा बुडवला. "दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई मामा. कांदा चिरायला बसलो की त्येच दिसतंय. ह्यो कागद झाल्यावर झोप येती का बघायचं."

पूनमताईंनी दोन्ही खुणा बराच वेळ पाहिल्या, मग शिक्का मारला. "मी हे वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या, "नुसतं स्वीकारलंय." आणि बेवारसचा भरून ठेवलेला कागद त्यांनी चार तुकडे करून पाण्याच्या बाटलीखाली दाबून ठेवला.

ऊन उतरायच्या आत भीमेच्या काठी चिता रचली गेली. चार खांदे लागतात. हनुमंत, तात्याबा आणि शववाहिकेचा ड्रायव्हर असे तीन झाले. चौथ्या कोपऱ्याला साळूबाई लागली, आणि बाईने खांदा देऊ नये असे सांगायला तेथे कोणी नव्हते. अग्नीही तिनेच दिला. "बापूसाहेब," ती चितेला म्हणाली, आणि ते नाव जिभेला नवे असल्यामुळे दोनदा अडखळली. मग पाटीतले उरलेले पेरू नासायच्या आत विकायला हवेत म्हणून ती संध्याकाळच्या गाडीसाठी निघाली. तात्याबा तिची पाटी उचलून बरोबर गेला.

हनुमंत मागे राहिला. राग गेला नव्हता. तो हौसरावांवर होता, त्या मोबाइलवाल्या गृहस्थावर होता, वर्तमानपत्र वाचणाऱ्या स्वतःवर सर्वांत अधिक होता. मात्र नांगर घालून सारे उपटण्याची ती इच्छा त्याला आता सापडेना. त्याने शोधली, पण सापडेना.

स्मशानातला मनुष्य लांब बांबूने लाकडे सारखी करत होता. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल, एका पायात एक चप्पल व दुसऱ्या पायात दुसऱ्याच रंगाची. हनुमंत ह्या घाटावर निदान तीसेक वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी हाच मनुष्य लाकडे लावत होता.

"नाव काय रे तुझे?" हनुमंताने विचारले. आवाज त्याला वाटला होता त्याहून फार कठोर निघाला.

त्या मनुष्याने बांबू थांबवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत निरखले. नाव विचारणारा मनुष्य म्हणजे तक्रार करणारा, हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे.

"आधी चूक सांगा," तो म्हणाला, "मग नाव सांगतो."

हनुमंत लाकडाच्या ढिगावर बसला आणि परवा सकाळच्या आठ वाजल्यापासून सांगू लागला.